पूर्वरंगाला रोल नसतो

दीपमालाने बटण दाबलं, अंगठ्याने लिव्हर ओढली आणि कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून पुन्हा बटण दाबलं.

"छान. आता पदर थोडा सैल सोडा, वहिनी. हं, असाच."

पदर सैल झाला. वहिनी झाल्या नाहीत. निकिता व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती, अंगावर जांभळी पैठणी, आणि पदरावरचे मोर तिच्यापेक्षा जास्त जिवंत दिसत होते. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले. डोळे कॅमेऱ्याच्या भिंगाकडे असे लागलेले, जणू तिथून आता इंजेक्शनची सुई बाहेर येणार आहे.

समोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत निकिताचे सासरे भिमाजीशेठ, चांदवडची कांद्याची शेती भावांवर सोपवून नाशकात पैठण्यांचं दुकान थाटलेले. त्यांच्या शेजारी सासूबाई, लताबाई, मांडीवर घडी केलेल्या पैठण्यांची चळत घेऊन. तिसरी खुर्ची निकिताच्या नवऱ्याची, सोमनाथची. पण तो बसत नव्हता. गळ्यात स्वतःचा परदेशी कॅमेरा अडकवून तो दीपमालाच्या भोवती घिरट्या घालत होता.

"लाइटची छत्री नाही आणली, मॅडम?"

"नाही."

"गेल्या वर्षी मुंबईचा माणूस तीन छत्र्या घेऊन आला होता."

"आणि फोटो कसे आले व्हते रे?" लताबाईंनी मांडीवरची घडी सरळ करत विचारलं.

सोमनाथ खांबाआडच्या कुंडीकडे पाहू लागला. गेल्या वर्षीची कॅलेंडरं दुकानाच्या पोटमाळ्यावर अजून गठ्ठ्यांत बांधलेली होती. बारा महिने, बारा पैठण्या आणि बाराही पानांवर निकिता एकच चेहरा घेऊन उभी. एका गिऱ्हाइकाने तर दुकानात विचारलं होतं, की हा पुतळा कुठून आणला. त्या वेळी निकिता मागे गल्ल्याशेजारीच बसलेली होती.

तरीही भिमाजीशेठ ऐकायला तयार नव्हते. आपल्या घरचा माल, आपल्या घरची सून. भाड्याची बाई आणायची नाही. फोटो काढणारा मात्र बदलायला त्यांची हरकत नव्हती. आदल्या वर्षी भाच्यासाठी मुलींचे फोटो आले होते, तेव्हा त्या ढिगातून लताबाईंनी चार फोटो बाजूला काढले होते. चार मुली चार गावच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. पण चारही फोटोंच्या मागे जांभळ्या शाईचा एकच शिक्का होता: दीपमाला विधाते, मखमलाबाद.

"आजचा दिवस तुझा, पोरी," भिमाजीशेठ सकाळीच म्हणाले होते. "जमलं तर कॅलेंडरवर खाली तुझं नाव छापू. नाय जमलं तर सोमवारी मुंबईचा माणूस येतोय."

कॅलेंडर दोन हजार दोन सालचं होतं. दीपमाला सत्तावीस वर्षांची होती. नऊ वर्षं ती मेन रोडवरच्या कलर लॅबमध्ये दुसऱ्यांचे फोटो धुऊन पाकिटात घालत होती, आणि रविवारी पासपोर्टचे नाहीतर लग्नासाठी दाखवायचे फोटो काढत होती. नाव छापून येईल असं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. सोमवारी मुंबईचा माणूस आला, तर पुन्हा कोण देणार होतं, हेही तिला कळत होतं.

तिने बटण दाबलं. लिव्हर ओढली.

"सुंदर," ती म्हणाली.

छत्रीच्या जागी तिच्याकडे थर्माकोलचा एक पांढरा तक्ता होता आणि वडिलांचं जुनं धोतर, दोन बांबूंमध्ये ताणून बांधलेलं. अश्विनातलं ऊन त्या धोतरातून गाळून निकिताच्या गालावर पडत होतं, दुधावरच्या सायीसारखं. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. रद्दीवाल्याकडून ती इंग्रजी मासिकं किलोच्या भावाने आणायची. मजकूर वाचायचा नाही, वाचता आला असता तरी नाही. भिंग घेऊन फोटोतल्या बायकांच्या डोळ्यांत पाहायचं. प्रत्येक डोळ्याच्या बुबुळात एक पांढरा ठिपका असतो, कुणाच्यात चौकोनी, कुणाच्यात गोल. तो ठिपका म्हणजे ती बाई जिच्यासमोर उभी होती ती खिडकी, किंवा तो दिवा. खिडकी किती उंच, किती लांब, कोणत्या बाजूला, ते सगळं डोळ्यात लिहिलेलं असतं. असे शेकडो डोळे वाचून ती उजेड लावायला शिकली होती.

पण चेहरा कसा वाचायचा, ते मासिकांत नव्हतं. ते तिला देवळात मिळालं होतं.

दीपमालाचे वडील धोंडीराम गणेशवाडीच्या फूलबाजारात हार गुंफायचे. मखमलाबादला दीड एकर शेवंती आणि निशिगंध. पहाटे तोडायचं, दिवसभर गुंफायचं. देवघरातल्या देवांचे हार वितीच्या मापाचे, तसबिरींचे दीड हाताचे. आणि दर एकादशीला एक हार बिनपैशाचा: पंचवटीतल्या रामाच्या देवळात कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या बुवांचा. त्या हाराला माप नव्हतं. बुवा कोण आहेत, केवढे उंच आहेत, ते धोंडीराम आधी पाहून यायचे आणि मगच सुईत दोरा ओवायचे. हार गळ्यात पडला, की तो गुडघ्याच्या चार बोटं वर थांबला पाहिजे. टाळ वाजवताना पायांत येता कामा नये आणि आखूड पडून भिकार दिसता कामा नये. शेवटच्या गाठीत दवण्याची एक काडी. ती त्यांची सही.

लहानपणी दीपमाला त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. इतर मुलं बुवांकडे पाहत. ती बुवांकडे पाठ करून ऐकणाऱ्यांकडे पाहायची. कीर्तनाला माणसं येतात ती आपापली तोंडं घेऊन येतात. दुकानाचं तोंड, सुनेशी भांडल्याचं तोंड, गुडघे दुखत असल्याचं तोंड. पूर्वरंगात बुवा नुसतं निरूपण करत असतात. एक चरण घ्यायचा, तो उलटसुलट करून दाखवायचा. ऐकणारे अजून बूड सरकवत असतात, मागे वळून पाहत असतात. मग पूर्वरंग संपतो, गजर सुरू होतो, यजमान उठून बुवांना बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात. आणि त्यानंतर उत्तररंग लागतो, गोष्ट सुरू होते, तेव्हा त्या माणसांची तोंडं तिथे नसतातच. ती कुठे गेली ते कुणाला कळत नाही. उरतात ते चेहरे. देवाने पाठवताना दिलेले असतील तसे.

दीपमालाला ते चेहरे हवे होते. आधी नुसते पाहायला, मग कॅमेऱ्यात.

तिच्या हाती लागलेला पहिला कॅमेरा रशियन बनावटीचा, वीट वाटावी एवढा जड, सेकंडहँड. त्र्याण्णव साली गल्लीतल्या छायाने तिला बोलावलं. छायाला दाखवायचा फोटो हवा होता; दोन स्टुडिओंत काढून झाले होते आणि दोन्हींत ती वर्गातून बाहेर काढल्यासारखी दिसत होती. दीपमालाने अंगणात तिचे छत्तीस फोटो काढले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रोल धुतला तर तो कोरा. टोक चक्रीत अडकलंच नव्हतं. आकडा छत्तीसपर्यंत गेला होता, रोल जागचा हलला नव्हता. कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावर रोल उलटा गुंडाळायची एक खुंटी असते. रोल पुढे सरकत असेल तर दर वेळी लिव्हर ओढली की ती खुंटी थोडी फिरते. ती फिरत नव्हती, आणि हे पाहायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

लाजेने ती रात्रभर... नाही, झोपली होती. पण सकाळी उठली ती लाजच घेऊन. छायाकडे परत गेली. छाया वैतागली, "आता पुन्हा काय?" म्हणत तशीच ओल्या हातांनी ओट्यावर बसली. घाबरायचं होतं तेवढं ती काल घाबरून घेऊन मोकळी झाली होती. त्या दिवशीचा फोटो पाहून मनमाडच्या पाहुण्यांनी महिन्याच्या आत होकार कळवला.

दीपमालाने घरी येऊन हे सगळं वडिलांना सांगितलं. धोंडीराम कॅमेऱ्याबद्दल कधी बोलत नसत. चांगलं नाही, वाईट नाही. फुलं निवडता निवडता ते एवढंच म्हणाले,

"म्हंजे पहिल्या दिवशी पूर्वरंग झाला म्हण."

तेव्हापासून आठ वर्षं ती तेच करत आली होती, ठरवून. कॅमेऱ्यात रोल घालायचाच नाही. तासभर बटण दाबायचं, छान म्हणायचं, सुंदर म्हणायचं. समोरच्या माणसाची भीती, ऐट, शिकवून पाठवलेलं हसू, सगळं त्या रिकाम्या डबीत पडू द्यायचं. मग पाणी प्यायच्या निमित्ताने आडोशाला जाऊन रोल भरायचा. कुणाला कधी कळलं नव्हतं. धोंडीरामांना मात्र ठाऊक होतं; रविवारी ती पिशवी खांद्याला लावून निघाली, की ते मान वर न करता म्हणत, "पूर्वरंग लांबवू नको लय." त्यांचं या विषयावरचं बोलणं तिथे संपायचं.

आज त्यांनी तेही म्हटलं नव्हतं. केळीच्या पानात बांधलेला हार पुढे केला होता.

"मोठ्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. त्यांच्या देवाला दे."

तो हार तिने आल्या आल्या लताबाईंच्या हातात दिला होता. पांढरी शेवंती, मधे मधे गुलाब, खाली दवणा. लताबाईंनी तो उलगडला आणि दोन्ही हात वर केले तरी तो उलगडतच राहिला.

"अगं, आमचे देव एवढे एवढे," त्यांनी बोटांनी सुपारीएवढं माप दाखवलं. "हा तर बुवांचा हार दिसतोय. पण बुवा काही फार उंच नसणार."

"आण्णांचं माप चुकलं असेल, काकू."

"असू दे. वास किती गोड हाय." आणि त्यांनी तो ताटात गोल ठेवून दिला होता, देवघराच्या उंबऱ्याशी.

"मॅडम," सोमनाथ म्हणाला.

दीपमालाने कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही. निकिताच्या उजव्या हाताची मूठ नुकतीच उघडली होती. दीड तासात पहिल्यांदा. अजून थोडं, पाच-दहा मिनिटं.

"मॅडम, तुमची खुंटी फिरत नाहीये."

व्हरांड्यात ते वाक्य नीट ऐकू गेलं. सोमनाथ तिच्या डाव्या खांद्याशी येऊन उभा होता, वाकून, डोळे बारीक करून.

"मी मघापासून बघतोय. तुम्ही लिव्हर ओढता, खुंटी जागच्या जागी. रोल धरलेला नाही तुमचा. सगळे फोटो गेले." त्याच्या आवाजात विजय होता, पण थोडी काळजीही होती, बायको शेवटी त्याची उभी होती. "दादा, मी सांगत होतो ना," तो वडिलांकडे वळला.

भिमाजीशेठ खुर्चीत पुढे झुकले. "खरं काय गं?"

चूक झाली म्हणायचं, तर रोल धरता न येणारी फोटोग्राफर. खरं सांगायचं, तर दीड तास घरभर लोकांना फसवणारी. दीपमालाने कॅमेरा खाली घेतला. मागचं झाकण उघडलं आणि तो तसाच शेठजींच्या पुढे धरला. आत काळी, स्वच्छ पोकळी.

"रोल धरलेला नाही असं नाही, काका. रोल आत नाहीच."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज गंगापूर रोडच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

"मग दीड तास आम्ही काय बघत बसलो?" भिमाजीशेठनी विचारलं. ते चिडले नव्हते. पण चिडायचं की नाही हे ठरवत होते.

दीपमालाने कॅमेरा मागे घेतला. तिने लताबाईंकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर देवळातल्या कीर्तनसप्ताहाचं छापील पत्रक टाचणीने लावलेलं होतं, रोजच्या बुवांच्या नावांखाली पेन्सिलीने बारीक खुणा केलेल्या.

"काकू, बुवा उभे राहिले की लगेच गोष्ट सांगायला लागतात का?"

"नाय बा. आधी निरूपण असतंय."

"का असतं?"

लताबाईंनी विचार केला. "माणसं बसायला पाहिजेत ना जागेवर."

"मी तेवढंच करत होते. वहिनी जागेवर बसाव्यात म्हणून. आमचे आण्णा याला पूर्वरंग म्हणतात." तिने झाकण बंद केलं. "सांगायला हवं होतं. पण सांगितलं की होत नाही."

"दर वेळी असंच करता?" सोमनाथने विचारलं.

"आठ वर्षं."

गळ्यातल्या स्वतःच्या कॅमेऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं.

खांबापासून निकिताचा आवाज आला. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली ती मुलगी. सकाळपासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

"म्हणजे माझा एकही फोटो निघाला नाही?"

"एकही नाही."

"तो मान वाकडी केलेला?"

"तोही नाही."

"आणि डोळा मिटला होता तो?"

"वहिनी, सगळे हवेत गेले."

निकिताने श्वास सोडला. तो इतका लांब होता, की तिचे खांदे दोन बोटं खाली आले आणि पदराचा मोर घसरला. दीपमालाच्या बोटांना ते कळलं. तिने पिशवीतून रोल काढला, आडोशाला गेली नाही, सगळ्यांच्या देखत टोक चक्रीत अडकवलं, दोनदा ओढून पाहिलं. खुंटी फिरली.

"आता खरा?" निकिताने विचारलं.

"आता खरा."

आणि खांदे पुन्हा वर गेले. हनुवटी वर, ओठ मिटलेले. सोमवारचा मुंबईचा माणूस खांबाआडून जणू डोकावून गेला. जी गोष्ट न सांगितल्यामुळे आठ वर्षं चालत होती, ती आता सांगून झाली होती. दीपमाला कॅमेरा हातात धरून उभी राहिली.

"थांबा," लताबाई म्हणाल्या.

मांडीवरची चळत त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. आल्या तेव्हा एका हातात बुक्क्याची डबी होती, दुसऱ्या हातात ताट.

"हार-बुक्का झाल्याबिगर कुठं उत्तररंग लागतो का? एवढं बघायला पाहिजे माणसाने." त्या दीपमालाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "मान खाली घ्या, बुवा."

"काकू, अहो..."

"बुवांनी मधी बोलायचं नसतं."

त्यांनी दीपमालाच्या कपाळाला बुक्का लावला, अंगठ्याने, चांगला ठसठशीत. मग दोन्ही हातांनी हार उचलून तिच्या गळ्यात घातला, वेणी बाजूला करून नीट बसवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"बघा. आता कसं."

भिमाजीशेठना काय वाटलं कुणास ठाऊक. मांडीवर पैठण्या तशाच ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी टाळी धरली आणि घोगऱ्या आवाजात विठ्ठलाचा गजर सुरू केला. सूर कुठच्या कुठे लागला होता. सोमनाथ म्हणाला, "दादा, शेजारी ऐकताहेत," आणि मग त्याचीच टाळी त्यात मिसळली.

निकिताला हसू आलं. आधी तिने ते दाबलं, मग पदर तोंडाशी नेला, मग तेही जमेना. जीन्सवर कुडता घातलेली, कपाळभर बुक्का फासलेली, हारातून नाक वर काढून उभी असलेली फोटोग्राफर. बेसूर गाणारे सासरे. आणि ताट हातात घेऊन यजमानाच्या थाटात उभ्या सासूबाई. ती खांबाला धरून हसली. दीपमालाने कॅमेरा उचलला. शेवंतीच्या पाकळ्या तिच्या हनुवटीला लागत होत्या, दवण्याचा वास येत होता.

हसण्याचा फोटो तिने काढला नाही. ती थांबली. हसू ओसरलं, निकिताने डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या, एक श्वास घेतला आणि सहज समोर पाहिलं. आपल्याकडे कुणी पाहतंय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा चौकोन होता. तो धोंडीरामांच्या धोतराचा.

दीपमालाने बटण दाबलं. लिव्हर ओढली. अंगठ्याखाली रोल पुढे सरकला आणि डाव्या खांद्यावरची खुंटी पाव आटा फिरली.

"फिरली," सोमनाथ हळूच म्हणाला.

दुपारपर्यंत बारा पैठण्या झाल्या. हार काढ असं कुणी म्हणालं नाही, आणि तीही विसरून गेली. शेवटच्या पैठणीला ती फोटोसाठी एक गुडघा टेकून बसली, तेव्हा हार जमिनीला लागेल म्हणून तिने तो सावरायला हात खाली नेला. पुन्हा उभी राहिली तेव्हा तिने खाली पाहिलं. हार गुडघ्याच्या वर थांबला होता. तिने नकळत बोटं लावून पाहिली. चार.

ती पाच फुटांची होती. देवळात उभ्या राहिलेल्या एकाही बुवांना तो हार बसला नसता.

"काय झालं, ताई?" निकिताने विचारलं.

"काही नाही. पदर पुन्हा घ्या."

पंधरा दिवसांनी कॅलेंडर छापून आलं. त्याआधी भिमाजीशेठनी फोटो हातात घेऊन बराच वेळ एकेक पाहिला होता आणि सोमवारच्या माणसाला स्वतः फोन करून, येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पाडव्याच्या जाहिराती, लग्नसराईचा कॅटलॉग, दुकानाच्या पाटीवरचा मोठा फोटो, सगळं दीपमालाने करायचं ठरलं. निकिताने जानेवारीचं पान माहेरी इगतपुरीला पाठवलं; आईने उलट विचारलं, की ही आपलीच निकी ना. गठ्ठे या वेळी पोटमाळ्यावर गेले नाहीत. दिवाळीच्या आधीच दुकानात एकही प्रत उरली नाही, आणि मुंबई नाक्यावरच्या दोन साडीवाल्यांनी कॅलेंडरखालचं नाव वाचून मखमलाबादचा पत्ता शोधून काढला.

कॅलेंडर हाती आलं त्याच दिवशी लॅबचा राजीनामा देऊन दीपमाला थेट फूलबाजारात आली होती. सकाळचे अकरा वाजले होते. धोंडीराम गोणपाटावर बसून झेंडू गुंफत होते. तिने कॅलेंडर त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी सुई गोणपाटात टोचून ठेवली, हात धोतराला पुसले आणि कॅलेंडर हातात घेतलं. जानेवारीचं पान. बराच वेळ ते त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग कॅलेंडर डोळ्यांपासून लांब धरून खालची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. ओठ हलत होते. छायाचित्रे, दीपमाला धोंडीराम विधाते. स्वतःच्या नावाशी ते थोडे थांबले.

त्यांनी उठून ते गाळ्याच्या मधल्या खिळ्याला लावलं, जिथे आजवर फक्त एकादशीचं पंचांग लटकत असे. पंचांग शेजारच्या खिळ्यावर गेलं. मग ते पुन्हा बसले, सुई उचलली आणि एक झेंडू ओवला. दुसरा ओवला.

"त्या दिवशीचा हार," मान वर न करता ते म्हणाले, "बसला का त्यांच्या देवाला?"

दीपमाला त्यांच्या शेजारी, गोणपाटावर, मांडीला मांडी लावून बसली. ढिगातून तिने एक झेंडू उचलला, देठ खुडला आणि त्यांच्या हातात दिला.

"बसला, आण्णा."

"मोठा तर नाय झाला?"

"नाही. मापात होता."

धोंडीरामांनी तो झेंडू ओवला आणि हात पुढे केला. तिने दुसरा दिला.